एओलियन बेटांचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही बेटे नेमकी कोठे आहेत आणि किती आहेत?

इटलीच्या सिसिली बेटाच्या उत्तरेस, तिऱ्हेनियन समुद्रात, लिपारी, वुल्कानो, सालिना, पनारेआ, स्त्रोम्बोली, फिलिकुडी आणि अलिकुडी अशी सात वस्तीची बेटे आहेत. सातांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ११५ चौरस किलोमीटर भरते. त्यांतले सर्वांत मोठे लिपारी सुमारे ३७ चौरस किलोमीटरचे आहे, तर सर्वांत लहान पनारेआ साडेतीन चौरस किलोमीटरही भरत नाही. सगळी बेटे ज्वालामुखीतून वर आलेली आहेत आणि २००० साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले. एओलस हा ग्रीक पुराणकथेतील वाऱ्यांचा स्वामी, आणि त्याच्या नावावरून या बेटांना एओलियन म्हणतात. हे नाव किती सार्थ आहे, हे बोटीचे वेळापत्रक कोलमडले की प्रवाशाला कळते.

नकाशावर ही बेटे आडव्या पडलेल्या दुबेळक्यासारखी दिसतात. वुल्कानो, लिपारी आणि सालिना हे त्याचे खोड, पनारेआ आणि स्त्रोम्बोली ही ईशान्येची फांदी, फिलिकुडी आणि अलिकुडी ही पश्चिमेची फांदी. प्रवासाची आखणी करताना ही आकृती डोळ्यांसमोर ठेवावी, कारण बोटींचे मार्गही साधारणपणे तसेच आहेत.

विमानाने थेट जाता येते का?

येत नाही. एकाही बेटावर विमानतळ नाही. हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागा आहेत आणि त्यांचा मुख्य उपयोग रुग्णांना मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठी होतो. भारतातून निघालेल्या प्रवाशाने रोम, मिलान किंवा आखातातील एखाद्या शहरात विमान बदलून सिसिलीतील कातानिया गाठावे, तेथून बसने किंवा रेल्वेने मेसिनामार्गे मिलाझ्झो या बंदरात यावे आणि मग बोट धरावी, हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. उन्हाळी हंगामात कातानिया विमानतळावरून मिलाझ्झोपर्यंत थेट बसही मिळते. मिलाझ्झोचे रेल्वे स्थानक बंदरापासून काही किलोमीटर दूर आहे, त्यामुळे रेल्वेने आल्यास स्थानकावरून बस किंवा टॅक्सी करण्याचा वेळ हिशेबात धरावा.

दुसरा मार्ग नेपल्सहून आहे. तेथून आठवड्यातील ठरावीक दिवशी रात्री मोठे जहाज सुटते आणि पहाटे ते स्त्रोम्बोलीपाशी येते. अंधारातून शंकूच्या आकाराचा पर्वत हळूहळू उजळत जाताना पाहणे हे या जहाजाचे खरे मोल आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी हाच मार्ग घ्यावा, असे माझे मत आहे.

बोटींचे प्रकार कोणते आणि कोणती निवडावी?

पाण्यावर उचलली जाऊन धावणाऱ्या वेगवान बोटीला इटालियनमध्ये ‘अलिस्काफो’ म्हणतात. ती मिलाझ्झोहून वुल्कानोला पाऊण ते एक तासात आणि लिपारीला साधारण तासाभरात पोचवते. स्त्रोम्बोली किंवा अलिकुडीपर्यंत मधल्या थांब्यांसह अडीच ते तीन तास लागू शकतात. माणसांबरोबर मोटारी आणि मालही नेणारे मोठे जहाज म्हणजे ‘त्रागेत्तो’. त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, पण तिकीट स्वस्त असते, उघड्या डेकवर उभे राहता येते आणि मुख्य म्हणजे ते सहजासहजी रद्द होत नाही. लाटा वाढल्या की आधी अलिस्काफो थांबते आणि त्रागेत्तो त्यानंतरही बराच वेळ चालू राहते. म्हणून वेगवान बोटीचे तिकीट काढले असले तरी त्या दिवशीच्या त्रागेत्तोची वेळ टिपून ठेवावी.

वेगवान बोटीत खिडक्या बंद असतात आणि ती लाटांवर आपटत जाते. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी गोळी बोटीत बसण्याआधी घ्यावी, कारण त्रास सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आठ दिवसांत सातही बेटे पाहून होतील का?

कागदावर होतील. प्रत्यक्षात त्या आठ दिवसांतला मोठा वाटा धक्क्यावर सामान राखत बसण्यात जाईल. भारतातून इतका खर्च करून जायचे तर ‘सगळे पाहून घेऊ’ असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु या बेटांवर तो हिशेब चालत नाही. एका दिवसाचा वारा दोन बेटांचा कार्यक्रम पुसून टाकतो, आणि पुढच्या सगळ्या मुक्कामांचे आरक्षण त्याच्यामागून कोसळते.

आठ दिवस असतील तर लिपारी किंवा सालिना येथे चार रात्री मुक्काम करावा, वुल्कानोला सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे, आणि नंतर दोनपैकी एकच फांदी निवडून तेथे दोन रात्री राहावे. आग पाहायची असेल तर स्त्रोम्बोली निवडावे आणि शांतता हवी असेल तर फिलिकुडी किंवा अलिकुडी. परतीच्या विमानाच्या आदली रात्र मात्र कोणत्याही परिस्थितीत मिलाझ्झो किंवा कातानिया येथेच काढावी. सकाळच्या बोटीने निघून दुपारचे विमान गाठण्याची योजना नऊ वेळा जमते. दहाव्या वेळी मुंबईचे नवे तिकीट काढावे लागते. समुद्र शांत असतानाही संपामुळे बोटी बंद पडू शकतात, आणि संपासाठी इटलीत ‘शोपेरो’ हा शब्द आहे. बंदरावरच्या फलकावर तो दिसला तर तिकीट खिडकीवर चौकशी करावी.

स्त्रोम्बोलीच्या शिखरावर चढता येते का?

या पानावर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि जुनी प्रवासवर्णने वाचून गेलेल्यांची निराशाही याच बाबतीत होते. स्त्रोम्बोलीची समुद्रसपाटीपासूनची उंची ९२४ मीटर आहे आणि पर्वताचा मोठा भाग पाण्याखाली आहे. पूर्वी वाटाड्याबरोबर संध्याकाळी शिखरावर जाऊन विवराच्या कडेवरून स्फोट पाहण्याची पद्धत होती. ३ जुलै २०१९ रोजी अचानक मोठा स्फोट झाला आणि त्यात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २८ ऑगस्टला दुसरा मोठा स्फोट झाला. त्यानंतर शिखर बंद झाले. पुढे जी व्यवस्था लागू झाली तिच्यानुसार सुमारे २९० मीटरपर्यंत स्वतः आणि ४०० मीटरपर्यंत अधिकृत वाटाड्याबरोबर जाता येते, मात्र ज्वालामुखीची स्थिती बदलली की स्थानिक प्रशासन या मर्यादा तत्काळ खाली आणते किंवा वाट पूर्ण बंद करते. म्हणून पोचल्यावर त्या दिवशीचा आदेश विचारून घ्यावा आणि ‘थोडे पुढे गेले तर काय होते’ हा विचार करू नये. २०१९ चे दोन्ही स्फोट भर पर्यटन हंगामातले होते.

शिखर बंद असले तरी पाहण्यासारखे फार काही हुकत नाही, असे मी म्हणेन. स्त्रोम्बोलीचे स्फोट लहान असतात आणि साधारण दहा ते वीस मिनिटांच्या अंतराने शेकडो वर्षे होत आलेले आहेत. जगात कोठेही असा सौम्य, थांबून थांबून होणारा उद्रेक झाला की भूवैज्ञानिक त्याला ‘स्त्रोम्बोलीय’ म्हणतात. जुने दर्यावर्दी या बेटाला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत. विवरातून उडालेले तप्त दगड ‘शारा देल फुओको’ नावाच्या काळ्या उतारावरून घरंगळत थेट समुद्रात जातात. हा उतार २९० मीटरवरच्या कठड्यावरून दिसतो आणि त्याहून चांगला दिसतो तो रात्री समुद्रातून. सूर्यास्तानंतर निघणाऱ्या बोटी उतारासमोर इंजिन बंद करून थांबतात. आधी लाल ठिणग्या उडताना दिसतात आणि आवाज काही क्षणांनी येतो.

सह्याद्रीत भटकंती करणाऱ्यांना एक सूचना. दख्खनचे पठार आणि आपले गडकिल्ले लाव्हाच्याच खडकावर उभे आहेत, परंतु तो बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि टणक आहे. स्त्रोम्बोलीवर पायाखाली भुसभुशीत राख आणि सुटे खडे असतात. उतरताना पाय घोट्यापर्यंत रुततो. घोटा झाकणारे बूट, बॅटरी आणि वाऱ्यापासून वाचवणारे जाकीट, तेही भर उन्हाळ्यात, आवश्यक समजावे. बॅटरी गावातही लागते, कारण स्त्रोम्बोलीच्या गल्ल्यांत रस्त्यावरचे दिवे नाहीत.

तेथे राहणे सुरक्षित आहे का?

लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत आणि इटलीच्या भूभौतिक व ज्वालामुखी संस्थेची उपकरणे पर्वतावर चोवीस तास लक्ष ठेवून असतात. तरीही धोका कल्पित नाही. ३० डिसेंबर २००२ रोजी शारा देल फुओकोचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि उठलेल्या लाटांनी किनाऱ्यावरच्या घरांचे नुकसान केले. सुदैवाने तो हिवाळा होता आणि किनारा रिकामा होता. आता लाटांची पूर्वसूचना देणारे भोंगे बसवलेले आहेत. भोंगा वाजला की सामान न घेता उंचावरच्या ठरलेल्या जागी जायचे असते आणि त्या जागांचे बाणदर्शक फलक गावात लावलेले आहेत. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी ते पाहून ठेवावेत. मे २०२२ मध्ये वणव्याने डोंगरावरची झुडपे जळाली आणि त्याच ऑगस्टमध्ये मुसळधार पावसाने उघडी पडलेली राख चिखल होऊन गावात शिरली. म्हणजे या बेटावर संकट प्रत्येक वेळी विवरातूनच येते असे नाही.

वुल्कानोवर दुर्गंधी असते हे खरे आहे का?

होय. बोट धक्क्याला लागण्याआधीच सडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास येतो आणि तासाभरात त्याची सवय होते. ज्वालामुखी या अर्थाचा युरोपीय भाषांतला ‘वल्कॅनो’ हा शब्द याच बेटाच्या नावावरून आला. रोमनांच्या समजुतीप्रमाणे अग्निदेव व्हल्कनची भट्टी येथे होती. १९व्या शतकात एका स्कॉटिश उद्योजकाने येथे गंधक आणि तुरटी काढण्याचा धंदा चालवला होता, पण १८८८ ते १८९० च्या उद्रेकाने तो आटोपला. तो या बेटाचा आजवरचा शेवटचा उद्रेक.

विवराची कड सुमारे ३९० मीटर उंच आहे आणि चढाईला तास पुरतो. पिवळ्या गंधकाचे थर जमलेल्या भेगांतून वाफ बाहेर पडत असते. तिच्यात उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. २०२१ च्या शेवटी वायूंचे प्रमाण एकाएकी वाढले, विवर बंद झाले आणि बंदराजवळच्या वस्तीला रात्री घरात राहण्यास काही काळ मनाई करण्यात आली. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खोलगट जागी साचतो आणि त्याला वास नसतो. म्हणून दुर्गंधी येत नाही तेथे हवा चांगली, असे समजू नये. दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी विवराचा बेत सोडून काळ्या वाळूचा किनारा पाहावा.

लिपारीत पाहण्यासारखे काय आहे, की ते केवळ बोट बदलण्याचे ठिकाण आहे?

अनेकजण तसेच समजतात आणि चुकतात. लिपारीच्या गावामध्येच समुद्रावर झुकलेला एक उंच कातळ आहे, त्यावर कोट आहे आणि कोटात पुरातत्त्वज्ञ लुइजी बेर्नाबो ब्रेआ यांच्या नावाचे पुरातत्त्व संग्रहालय आहे. एवढ्याशा बेटावर एवढे मोठे संग्रहालय असण्याचे कारण ऑब्सिडियन आहे. हा ज्वालामुखीतून निघालेला काळा काचदगड फोडला की वस्तऱ्यासारखी धार येते. धातू माहीत नव्हते त्या नवाश्मयुगात लिपारीचा ऑब्सिडियन दक्षिण फ्रान्सपर्यंत आणि एड्रियाटिकच्या पलीकडे जात असे. धातू आले आणि बेटाचे वैभव ओसरले. पुढे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात क्निडोसहून (आजच्या तुर्कस्तानातील ग्रीक नगर) आलेल्या ग्रीकांनी येथे वसाहत केली. प्राचीन वर्णनानुसार त्यांनी जमीन सामायिक ठेवली होती. काहींनी शेती करायची आणि काहींनी चाच्यांशी लढायचे, अशी वाटणी होती. त्यांच्या थडग्यांत सापडलेले नाटकांतील पात्रांचे मातीचे छोटे मुखवटे हा संग्रहालयातला सर्वांत देखणा विभाग आहे. त्याला दोन तास द्यावेत.

१५४४ मध्ये ऑटोमन आरमाराचा प्रमुख खैरुद्दीन बार्बारोसा याने लिपारी लुटली आणि जवळपास सगळी वस्ती गुलाम करून नेली. नंतर स्पॅनिश राज्यकर्त्यांनी नवी तटबंदी बांधून बाहेरून माणसे आणून बेट पुन्हा वसवले. आज जो कोट दिसतो त्याची भक्कम भिंत त्यानंतरची आहे. मुसोलिनीच्या काळात याच बेटावर राजकीय विरोधकांना नजरकैदेत ठेवत, आणि १९२९ मध्ये कार्लो रोसेल्ली, एमिलिओ लुस्सू आणि फाउस्तो नित्ती हे तिघे वेगवान बोटीतून निसटले. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचा पांढराशुभ्र डोंगर प्युमिस दगडाचा आहे. त्याची खाण २००७ मध्ये बंद झाली. पाण्यावर तरंगणारा हा दगड टाचा घासण्यासाठी आपल्याकडेही वापरतात.

शाकाहारी माणसाची जेवणाची सोय होते का?

होते, फक्त विचारावे लागते. टोमॅटो, बटाटे, कांदा आणि केपर (मिठात मुरवलेल्या कळ्या) घातलेली एओलियन कोशिंबीर, तळलेल्या वांग्याची ‘पास्ता आल्ला नोर्मा’, आंबटगोड वांग्याची ‘कापोनाता’, आणि भाजलेल्या मोठ्या पावावर टोमॅटो, चीज व केपर रचून केलेला ‘पाने कुन्झातो’ हे पदार्थ जवळजवळ सर्वत्र मिळतात. अडचण अशी की पाने कुन्झातोवर ट्यूना किंवा अँचोव्ही मासे घालण्याची पद्धत आहे, आणि अनेकांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. म्हणून ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासेही नकोत, असे दोन्ही सांगावे. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की पारंपरिक इटालियन चीजमध्ये दूध विरजण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घेणे उत्तम. सकाळच्या न्याहारीला बदाम किंवा लिंबाची ग्रानिता (बर्फाळ गोड पदार्थ) आणि सोबत ब्रिओश हा मऊ पाव खाण्याची रीत आहे, आणि ऑगस्टच्या उकाड्यात तिच्याइतके दुसरे काही बरे वाटत नाही.

केपर म्हणजे काय आणि सालिनाचे त्यासाठी एवढे नाव का?

केपर ही एका काटेरी झुडपाची न उमललेली कळी आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी उपवास सोडताना आपल्याकडे अनेक घरी वाघाटीची भाजी करतात. ती वाघाटी आणि हे केपर एकाच कुळातली आहेत. आपण फळ खातो आणि तेथे मुख्यतः कळी खातात, एवढाच फरक. कळी एकदा उमलली की किंमत गेली, म्हणून मे ते ऑगस्टमध्ये ऊन चढण्याआधी भल्या पहाटे वाकून एकेक कळी खुडावी लागते आणि मग मिठात मुरवावी लागते. खाण्यापूर्वी मीठ धुऊन काढायचे असते. हे विसरल्यास पदार्थ तोंडात धरवत नाही.

सालिनावर ९६२ मीटर उंचीचा फोसा देल्ले फेल्ची हा या द्वीपसमूहातील सर्वांत उंच डोंगर आहे आणि त्याच्या शेजारी दुसरा तसाच शंकू आहे. म्हणून ग्रीक या बेटाला ‘जुळे’ म्हणत. इतर बेटांच्या मानाने सालिना हिरवे आहे. वेताच्या चटयांवर उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची माल्वाझिया ही गोड वाइन येथलीच. १९व्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीने वेली नष्ट झाल्या आणि घरेच्या घरे ऑस्ट्रेलिया व अमेरिकेला निघून गेली. डोंगरउतारावरच्या ओस पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांचे मूळ त्या स्थलांतरात आहे.

अलिकुडी आणि फिलिकुडी कोणासाठी?

ज्यांना संध्याकाळी करण्यासारखे काहीच नसले तरी चालते त्यांच्यासाठी. अलिकुडीवर वस्ती शंभराच्या आसपास आहे आणि धक्क्याजवळचा तुकडा सोडला तर रस्ता नाही. दगडी पायऱ्या आहेत आणि सामान खेचरावर लादून वर जाते. खोली ठरवताना ‘धक्क्यापासून किती अंतर’ असे न विचारता ‘किती पायऱ्या’ असे विचारावे. पूर्वी येथील बायका रात्री उडत जात अशा कथा सांगतात, आणि अर्गट बुरशी लागलेल्या राय धान्याचा पाव खाल्ल्याने असे भास होत असावेत, असा त्यांचा उलगडा केला जातो. फिलिकुडीची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. १९७१ मध्ये सरकारने माफियातील काही बड्या आरोपींना या बेटावर हद्दपार करून आणले, तेव्हा रहिवाशांनी निषेध म्हणून बेटच सोडले.

पनारेआ महाग आहे. तेथे राहण्याऐवजी दिवसभरासाठी जावे, मिलाझ्झेसे भूशिरावरच्या कांस्ययुगीन झोपड्यांचे दगडी पाये पाहावेत आणि परतावे.

बेटांवर फिरण्यासाठी वाहन मिळते का?

लिपारी आणि सालिना येथे बस आहेत आणि भाड्याने स्कूटर मिळते. स्कूटरसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. उन्हाळ्यात बाहेरच्या मोटारींवर बेटांनुसार बंदी असते, आणि स्त्रोम्बोली, पनारेआ व अलिकुडीवर पर्यटकाने मोटार नेण्याचा प्रश्नच येत नाही. स्त्रोम्बोलीच्या अरुंद गल्ल्यांत सामान आणि माणसे वाहणारी तीनचाकी दिसली की मराठी माणसाला क्षणभर गावी आल्यासारखे वाटते, कारण ती आपलीच आपे रिक्षा आहे. पियाजिओ कंपनी बारामतीच्या कारखान्यात जी आपे बनवते तिचे मूळ इटालियन, आणि ‘आपे’ म्हणजे मधमाशी.

कोणत्या महिन्यात जावे?

मेचा उत्तरार्ध, जून, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. १५ ऑगस्टच्या आसपास संपूर्ण इटली सुट्टीवर असते. खोल्यांचे दर दुपटीवर जातात. त्यातही २४ ऑगस्टला लिपारीत संत बार्तोलोमेओचा उत्सव असतो. गर्दी चालत असेल तर तो पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर ते मार्च बहुतेक हॉटेले बंद असतात आणि बोटी वरचेवर रद्द होतात.

व्हिसा, पैसे आणि औषधोपचार यांचे काय?

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल असावा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. त्यात ज्वालामुखीवरील पदभ्रमण वगळलेले नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. मुंबईत उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणे कठीण होते, तेव्हा जूनमध्ये जायचे असल्यास फेब्रुवारीतच हालचाल करावी.

बेटांवर उतरणाऱ्या पर्यटकाकडून काही युरोंचा कर घेतला जातो आणि तो बहुधा बोटीच्या तिकिटातच असतो. लहान बेटांवर एटीएमवर विसंबू नये, रोख बाळगावी. रुग्णालय लिपारीत आहे, इतर बेटांवर प्राथमिक उपचार केंद्रे आहेत. नेहमीची औषधे दोन-तीन दिवस जास्त पुरतील एवढी न्यावीत. आपत्कालीन क्रमांक ११२. पाणी मोठ्या प्रमाणावर जहाजाने आणावे लागते, म्हणून आंघोळीला ते बेतानेच वापरावे.

येताना काय आणावे?

मिठातले केपर. ते टिकतात आणि सांडत नाहीत, पण वजनदार असतात. घरी आल्यावर कोरड्या बरणीत ठेवावेत आणि लागतील तेवढेच धुऊन घ्यावेत. माल्वाझियाची बाटली हातातल्या पिशवीत चालत नाही, ती मोठ्या सामानात कपड्यांत गुंडाळावी. ऑब्सिडियनचे मणी लिपारीच्या दुकानांत मिळतात. विकत घेतलेले आणावेत, डोंगरावरून किंवा किनाऱ्यावरून दगड उचलून आणू नयेत, कारण बेटांचा मोठा भाग राखीव निसर्गक्षेत्र आहे.